तोंड उघडायचं काम

१ डिसेंबर, सोमवार

ही वही ज्योती अक्कानं दिली. दोनशे पानी, वर मोर. देताना म्हणली, माउली, पंधरा दिवसांत पळून आलास तर कोरी पानं पप्पूच्या शाळंला होतील, उगं घाण करू नको. पप्पू तिचा पोरगा, दुसरीला आहे, आणि आत्ताच माझ्यापेक्षा चांगलं लिहितो असं तिचं म्हणणं. मी म्हणलो, संक्रांतीला भरलेली वही घेऊन येतो, बघ. ती हसली. ते हसणं मला लागलंय, म्हणून लिहायलोय.

तसं अक्काचं चुकत नाही. पुण्यात हॉटेलातनं पळालो, सुरतेत कापडाच्या मागावरनं, हैदराबादेत फरशीच्या दुकानातनं. शाळेतनं तर सातवीतच. कुठं महिना भरत आला की पायाला मुंग्या येतात. आमच्या जनवाड्यात मी महिनाभर दिसलो नाही तरी कुणी विचारत नाही. गेला असंल पळून, म्हणतात आणि तंबाखू मळतात.

पण ही जागा झकास आहे. बिदर, मग बसवकल्याण, मग आळंदकडं जाणारी गाडी, मग फाटा, आणि फाट्यापासनं मालकाची जीप. गावाचं नाव वहीत लिहायचं नाही असं मालकानं आधीच सांगितलंय, धंद्याची गोष्ट आहे. माळाच्या कडेला पत्र्याची खोली. खाट, पंखा, जाड गादी. अंगणात सहा निळी पिंपं पाण्यानं काठोकाठ. खाली बघावं तर ज्वारी कमरेएवढी, हरभरा हिरवागार, ऊन असं कोवळं की चहासारखं प्यावं.

मालक अरुणकुमार, कलबुर्गीचा. पांढरा शर्ट, बोटात चार अंगठ्या, एका वाक्यात तीन भाषा. कामाला ठेवताना त्यानं एवढंच विचारलं की आधीची कामं का सोडली आणि घरचे शोधत येतात का. मी खरं ते सांगितलं, कोण येतंय हो शोधायला. तो खूश झाला आणि स्वतःच्या हातानं मला चहा दिला. असा मालक पहिल्यांदा बघितला.

३ डिसेंबर, बुधवार

काम सोपं आहे. माळ म्हणजे गायरान, सरकारी. वर काळा खडक, खाली काळा खडक आणि मधी हातभर पांढरट थर, दोन भाकरींच्या मधी चटणी थापावी तसा. त्या थरात शंख. गोगलगायीचे असतात तसले, पण पक्का दगड. काही बोटाच्या पेराएवढे, काही मुठीएवढे. पहारीनं थर फोडायचा, छिन्नीनं शंख सुटे करायचे.

मग खरं काम. शंखाच्या तोंडात माती दगड होऊन बसलेली असते. तसा बुजलेला शंख गिऱ्हाईक घेत नाही, त्याला आत अंधार दिसला पाहिजे. म्हणून दोन दिवस पिंपात भिजवायचे, दाभणानं तोंड कोरायचं, दात घासायच्या ब्रशनं साफ करायचं आणि पेटीत पेंढ्यावर उताणे मांडायचे. तोंड वर. मालक म्हणाला, शंख तर कुणीपण वेचतं रे, तुझं काम तोंड उघडायचं.

हे जातात कुठं, तर लांब. कुणी परदेशात काचेच्या कपाटात ठेवतं, कुणी पोटदुखीवर उशाशी ठेवतं. दगड उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला पोटदुखी नाही, दुसरंच काहीतरी झालेलं असणार.

एक गंमत दिसली. माळावर सुटे पडलेले शंख सगळेच्या सगळे पालथे. एकही उताणा नाही. मडिवाळप्पा नावाचा म्हातारा धनगर रोज मेंढरं घेऊन येतो. चालता चालता काठीच्या टोकानं शंख पालथा करतो आणि पुढं जातो, त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. खाली शेतातपण तसंच. नांगराला शंख लागला की बांधावर पालथा ठेवतात. मी मुद्दाम त्याच्या वाटेवर पाच शंख उताणे मांडून आलो. बघू.

६ डिसेंबर, शनिवार

पाचही पालथे. म्हातारा माझ्याकडं बघून थुंकला. पालथे करणारे हात आणि थुंकणारं तोंड, बाकी दिवसभर कामच काय त्याला.

जेवायला फाट्यावर नागव्वाच्या खानावळीत जातो. पन्नाशीची बाई, भाकरी अशी पातळ थापते की आरपार उजेड दिसावा, आणि जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, कुठला रे तू, जनवाड्याचा व्हय, मग शेत न्हाई का तिकडं, दगडाची तोंडं धुवायला कामून आलास? ती मराठी आणि कन्नड एकाच घासात बोलते. तिच्या माठाला बाहेरच्या कुणीही हात लावलेला चालतो, पण कामावरनं आलेल्यानं खिसे झटकून आत यायचं. खिशात शंख असला तर पाण्यापाशी जायचं नाही. मी म्हणलो, अक्का, दगड तुझं पाणी पितोय काय? ती म्हणली, पितोय म्हणूनच सांगायलेय. आणि वाढायला वळली. एवढी भाकरी थापूनपण डोकं रिकामंच.

९ डिसेंबर, मंगळवार

आज देवळाच्या कट्ट्यावर माळाचा विषय निघाला. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. एक म्हणाला, सरकारी जागा आहे, सरकारचे दगड, बाहेरच्यानं कामून न्यावेत. दुसरा म्हणाला, सरकारची म्हणजे कुणाचीच न्हाई, जो पहिला उचलील त्याचा. तिसरा म्हणाला, सगळा माळ फोडून पाटाच्या पाण्याखाली आणा, पीक तरी येईल. शाळेचे गुरुजी उठून म्हणाले की ही सगळ्यांची ठेव आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं तळं होतं, त्यावरनं तापलेला रस वाहिला, तळ्यातले जीव जागच्या जागी दगड झाले, ते विकणं म्हणजे लेकरांच्या पुस्तकाची पानं फाडणं. लोकांनी माना डोलावल्या. अर्ज करायचं ठरलं. अर्ज कुणी लिहायचा ह्यावर भांडण झालं आणि सभा उठली.

आता खरी मजा. अंधार पडायच्या आत पहिला म्हणणारा माझ्या खोलीवर येऊन गेला, टीव्हीच्या कपाटात ठेवायला एक मोठा दे म्हणाला. दुसऱ्याला जावयाला द्यायला दोन पाहिजे होते. शेवटी खुद्द गुरुजी. शाळेसाठी, म्हणाले, मुलांना दाखवायला, जरा अखंड बघून दे. मी विचारलं, गुरुजी, पुस्तकाचं पान का? ते हसल्यासारखं करून गेले, शंख मात्र रुमालात गुंडाळून नेला. घरी नेला, शाळेत नाही. मी बघितलं.

एकालाच काही नको होतं, मडिवाळप्पाला. तो कट्ट्याच्या टोकाला बसला होता. जाताना म्हणाला, पोरा, तुझे गुरुजी बोलतात ते खरं हाय. पण अर्धं. आग आली तवा त्यांची तोंडं उघडी होती. पाणी मागायलेले. अजून मागायलेत. म्हणून पालथं ठेवायचं, म्हणजे मागता येत न्हाई.

कोटी वर्षं म्हणणारा शहाणा आणि तोंडं मागतात म्हणणारा येडा, दोघं एकाच कट्ट्यावरचे. मला दोघांचंही हसू येतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पिंपं गळायलीत. सकाळी सहाही भरून ठेवली, दुपारी भाकरी खाऊन आलो तर निम्मी. उलटी करून बघितली, तडा नाही. खाली जमीन कोरडी ठाक. आणि पाण्यातनं काढलेले शंखपण कोरडे. हात घातला तर ओला झाला, शंख उचलला तर धूळ झटकावी असा.

मालकाला फाट्यावरनं फोन केला, इथं माळावर रेंज नाही. वाटलं शिव्या घालील. त्यानं फक्त विचारलं की निम्मी का पूर्ण. निम्मी म्हणलो तर म्हणाला, टँकर पाठवतो, तू भरत राहा. का गेलं ते विचारलंच नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज पंधरा दिवस झाले. अक्काची वही कोरी नाही! पायाला मुंग्यापण आल्या नाहीत.

मालक येऊन तीन पेट्या घेऊन गेला. सगळे शंख उताणे, तोंडं स्वच्छ, एकसारखी वर. पेटीचं झाकण लावताना मला उगंच घरट्यातली पिल्लं आठवली. खोलीच्या मागं एक लांब पेटी आहे, कुलूपबंद. त्यात दगड झालेलं लाकूड आहे, म्हणाला, वेगळ्या गिऱ्हाइकाचं, हात लावायचा नाही.

पत्र्याच्या कोपऱ्यात एक चप्पल जोड आणि स्टीलची बाटली सापडली. नागव्वाला विचारलं तर म्हणली, तुझ्या आधी चन्नवीर होता, औरादकडचा, अर्धं तेलुगू बोलायचा, हातात तांब्याचं कडं, हसरं लेकरू. भाद्रपदात पळाला. मी म्हणलो, चप्पल टाकून? ती म्हणली, पळणारा चप्पल बघतो का रे, तुलाच ठाऊक. आणि चार लोकांसमोर खिदळली.

पाणी प्यायला उठलो आणि खिशातला बोटाएवढा शंख हळूच तिच्या माठात सोडला. बुडाला तेव्हा आवाज आला नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

नागव्वाचा माठ सकाळी कोरडा होता. नळाला पाणी नव्हतं असं म्हणून तिनं गिऱ्हाइकांना बाटल्या दिल्या. तळाशी हात घालून शंख काढला, माझ्याकडं बघितलं, बाहेर नेऊन बांधावर पालथा ठेवला. भाकरी वाढली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

पोट फुटायची वेळ आली आहे. आज वेळ अमावस्या, गाव ओस, सगळे शेतात. नागव्वानं तरी मला बोलावलं, सणाला शेतात आलेल्याला परत पाठवत न्हाईत, नाइलाज हाय, असं तोंडावर सांगून. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडलेले, पूजा, मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. ताक-ज्वारीची ती आंबील नव्या मडक्यात अशी गार होती की मी चार वाट्या प्यालो. मग शेतभर शिंपली. माणसांनी प्यायची, मातीलापण पाजायची.

सगळं आटोपल्यावर मडिवाळप्पा एक छोटं मडकं घेऊन माळाकडं निघाला. आंबीलच. नागव्वानं हात जोडले, बाकीच्यांनीपण. मी विचारलं, हे कुणाला? तो म्हणाला, ज्यांना मागता येत न्हाई त्यांना. मागायच्या आधी द्यायचं, वर्षातनं एकदा, तेवढ्यावर ते भागवतात. मीपण येतो म्हणलो तर नको म्हणाला, तू तोंडं उघडणारा.

ह्या लोकांचं काय करावं! माणसाला टोमणे आणि दगडाला ताक.

ऊन उतरताना खोलीवर यायला निघालो. मी खणलेल्या थरावरच मडकं ठेवलेलं, काठापर्यंत भरलेलं, वर जिरं तरंगत होतं. म्हातारा दूर गेला होता. मी मडकं उचललं आणि सगळं पिऊन टाकलं. उभ्यानं, एका दमात. ढेकर दिली. मडकं तिथंच टाकलं. सांगायचं ते सांगतो, इतकी गोड आंबील जन्मात प्यालो नव्हतो.

२० डिसेंबर, शनिवार

तहान लागली आहे. काल जास्त खाल्लं, दुसरं काय. सकाळपासनं सहा तांबे झाले. पोटात पाणी वाजत नाही. लघवीलापण गेलो नाही. पहार चालवून घाम आला नाही. मी तर उकाड्यात नुसता बसलो तरी भिजणारा माणूस.

माळावर वारा नव्हता, तरी बारीक आवाज यायलेला. लेकरं रिकाम्या वाटीत तोंड घालून ओढतात तसला. पेटीपाशी गेलो की थांबायचा.

२१ डिसेंबर, रविवार

थुंकलो तर पांढरं पडलं. बोटानं चोळलं, चुना. चुना मी खात नाही.

खानावळीत पाच बाटल्या प्यालो. लोक बघायला लागले म्हणून ऐटीत सांगून टाकलं की तुमच्या दगडांची आंबील मी पिलो, मला काय धाड भरली बघा. कुणी हसलं नाही. नागव्वानं तव्यावरची भाकरी तशीच सोडली, जळाली ती. तिनं एवढंच विचारलं की मडकं पालथं ठेवलंस का. नाही म्हणलो.

मग ती जवळ येऊन बसली. पहिल्यांदाच नरमाईनं बोलली. म्हणली, लेकरा, आत्ता उठ. खोलीवर जाऊ नको, कपडे घेऊ नको, समोर गाडी उभी हाय, बस आणि जा. त्यांच्या वाटणीचं तुझ्यात गेलंय, ते तुझ्यातनंच पितील. आजचा दिवस पाय चालतील तुझे.

गाडी खरंच उभी होती. आळंदची. मी उठलोपण. मग एक ट्रकवाला म्हणाला, जाऊ दे अक्का, ह्याला पळायला सांगावं लागत न्हाई. सगळे हसले. ज्योती अक्का हसली होती तसंच.

मी म्हणलो, संक्रांतीपर्यंत इथनं हलत नाही. एका भाकरी थापणारीच्या सांगण्यावरनं तर मुळीच नाही. गाडी गेली.

२२ डिसेंबर, सोमवार

उठताना पाय जड. पोटऱ्या आतनं भरल्यासारख्या. डाव्या टाचेवर छिन्नीची मूठ पडली, दुखलं नाही. आवाज आला. फरशीच्या दुकानात महिनाभर काढलाय मी, कुठला आवाज कशाचा ते कळतं.

मडिवाळप्पाला हाक मारून आणलं. हो, मीच. त्यानं माझी टाच दाबून बघितली. म्हणाला, जेवढी तोंडं उघडलीस तेवढी पालथी कर, बघू काय होतं. आम्ही दोघांनी दिवसभर पेट्या उपसल्या. पालथे. पालथे. पालथे. पन्नासेक झाल्यावर घोटभर ओल आली जिभेला, शपथ, आली.

मग त्यानं विचारलं की बाकीचे कुठं हायत. मी सांगितलं, तीन पेट्या गेल्या मंगळवारी. विकले. लांब. तो काठीवर टेकून खाली बसला. म्हणाला, ते परत आण. मी म्हणलो, कुठनं आणू, कुणाच्या कपाटात असतील, कुणाच्या उशाशी. कसे ठेवले असतील, विचारलं त्यानं.

उताणे. तोंड दिसतं म्हणून तर घेतात.

तो मेंढरं घेऊन गेला. उद्यापासनं कळप खाली नदीकडं, दरवर्षीचं आहे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला लागला. माणसाचा हात इतका ओला असतो हे मला कधी —

२३ डिसेंबर, मंगळवार

पहाटेच निघालो. पळालो असं लिहू दे, लाज नाही आता. फाटा एक कोस. पायऱ्या उतरून पिंपापर्यंत गेलो. बस. गुडघे वाकत नाहीत. सहाही पिंपं कोरडी. रांगत परत यायला ऊन डोक्यावर आलं.

मागनं रांगत आलो म्हणून ती लांब पेटी आडवी आली. कुलूप पहारीनं तोडलं.

पेंढा. दगड झालेलं लाकूड, लांबच लांब. नाही. लाकडाला कोपर नसतं. मनगटापाशी हिरवट कडं रुतलेलं. घासलं. तांबं.

तोंड उघडं आहे त्याचं. साफ कोरलेलं. दाभणाच्या खुणा ओळखतो मी. माझ्याच दाभणाच्या आहेत, पण मी नाही, माझ्या आधी — मालकानं —

उताणा ठेवलाय.

ढकलून बघितलं. हलत नाही. पालथा करता आला नाही रे तुला, चन्नवीरा.

२४ डिसेंबर

जीप आली. मालकानं आधी पाय बघितले. हातोडीच्या दांड्यानं नडगीवर ठोकलं, कान लावला. आवाज चांगला हाय, म्हणाला. कुणाला म्हणाला काय माहीत, मला नाही. खिशातनं फोन काढून माझे फोटो घेतले. मी विचारायला गेलो, जीभ हलंना. तोच बोलला. म्हणाला, पहिल्या दिवशीच विचारलं होतं की तुला, शोधायला कोण येतं.

खोलीला बाहेरनं कडी.

दुपारी नागव्वाचा आवाज. डबा घेऊन आलेली. पाण्याची घागरपण असंल, वाजली. मालक गोड बोलला, अक्का, तुमचा माउली तर पळाला काल.

ती हसली. खुशीत हसली. म्हणली, बरं झालं बाई, सुचलं एकदाचं. पायात भोवराच हाय त्याच्या. सुखात राहू दे.

मी पत्रा वाजवायला हात — हात पोचला. उजवा अजून हलतो. वाजवला. तिला वाटलं वारा.

घागर जाताना वाजत गेली.

२५

उद्या मोठी पेटी. पेंढा आणून टाकलाय. दाभण धार लावून ठेवलंय खिडकीत.

ऐकायला येतंय आता. नीट. पाणी म्हणत नाहीत ते. माझंच नाव —

तहान आतली. हाडाची.

गावाचं नाव लिहायला पाहिजे. मी कधी लिहिलं न्हाई. फाट्यावर नागव्वाची खानावळ, तिथनं माळ दिसतो. नाव

बोटं

अक्का. वही भरली न्हाई. पण ही कोरी पानं पप्पूला देऊ नको, हात लावू देऊ नको. आणि लोक काही म्हणू देत. मी पळालो न्हाई. ह्या बारीला पळालो न्हाई अक्का, इथंच हाय, कुणाच्यातरी कपाटात असंन. दिसलो तर तोंड बघू नको. पाणी देऊ नको. नुसतं मला धरून पालथं